हेल्पडेस्कसाठी कोणता शोध: शब्दाचा की अर्थाचा?

कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यात शॉपफ्लोअरवरून तिकीट, म्हणजे हेल्पडेस्ककडे तक्रारीची नोंद, येतं: ‘प्रिंटर कागद गिळतोय’. उपायाच्या लेखाचं शीर्षक मात्र ‘पेपर जॅम’. शब्दशोध इथे अडतो. तो जुळणारे शब्द मोजतो. निकालांना क्रम लावणारं त्यातलं बीएम२५ हे सूत्र १९९४ पासूनचं, आजही दमदार. पण मराठीत ‘प्रिंटरला’, ‘प्रिंटरचा’, ‘प्रिंटरवर’ यांचे प्रत्यय तोडायची सोय नसेल, तर त्याच्या लेखी हे तीन वेगळे शब्द. शिवाय बरेच जण रोमन लिपीत मराठी लिहितात, तो वेगळाच ताप.

अर्थशोध वाक्याचे आकडे करून जवळचा आशय शोधतो, म्हणून ‘गिळतोय’ही त्याला उमगू शकतं, मॉडेल मराठी शिकलेलं हवं एवढंच. खोड अशी, की जुळणारं काही नसलं तरी मर्यादा न घातल्यास तो जवळचं काहीतरी पुढे करतोच. एरर कोड, मालमत्ता क्रमांक, तिकीट नंबर यांत तर एका अंकाच्या फरकाने भलताच संगणक समोर येतो.

माझं मत विचाराल तर तंत्रज्ञांना शब्दशोध, कामगारांच्या पोर्टलला अर्थशोध. दोन्ही शोधांच्या निकालांच्या याद्या त्यांतल्या क्रमांकांवरून एकत्र करणारी, २००९ ची आरआरएफ (रेसिप्रोकल रँक फ्यूजन) पद्धतही आहे. खर्च झेपत असेल तर तीच घ्या. एचआरची तिकिटं मात्र परवानगीच्या चाळणीतूनच दिसायला हवीत, शोध कुठलाही असो.