वजनाचं जॅकेट: जिन्यावर बरं, डोंगरावर अर्धवट

डोंगरातल्या शिकारीचा हंगाम तीन महिन्यांवर आला तेव्हा हे 10 किलोचं जॅकेट घेतलं. वाळूच्या पुड्या काढता-घालता येतात, म्हणून 4 किलोपासून सुरुवात केली. बोलता येईल इतपतच वेग ठेवून जिने चढायचो. चढण्याचं काही नाही हो, खरी गंमत उतरताना! उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो. दुसऱ्या दिवशी पाय असे भरून आले की कमोडवर बसायलाही भिंत धरावी लागली. दोन आठवड्यांत ते कमी झालं, हे श्रेय जॅकेटचंच.

पण पट्टा आवळला की छाती पूर्ण फुलत नाही. शिवाय शिकार मिळालीच तर मांस पाठीवरून आणायचं असतं. खांदे-कंबर याने तयार होत नाहीत. त्यात सहाव्या आठवड्यात शिवण उसवली, जिनाभर वाळू. झाडू अर्थातच मी मारला.

शेवटचा महिना सॅकमध्ये पाण्याचे कॅन भरून चाललो. गुडघा कुरकुरला की चढाच्या माथ्यावर कॅनमधलं पाणी ओतून द्यायचं आणि हलकं उतरायचं. जॅकेट आता पुशअप्सपुरतं उरलंय.