शिक्षा पैशात की वेळेत? ईव्ह, एलीट आणि स्टार सिटिझन

ऑनलाइन स्पेस गेम निवडताना जो तो जहाजं आणि ग्राफिक्स बघतो. दुसऱ्या खेळाडूने आपलं जहाज विनाकारण उडवलं तर त्या खेळाडूचं पुढे काय होतं, हे मात्र पहिल्यांदा लुटलं गेल्यावरच कळतं. माझं ऐकाल तर ते आधी बघा. आणि बघताना एकच विचारा: गुन्हेगार किंमत पैशात मोजतो की वेळेत? मुरलेल्या खेळाडूकडे गेममधला पैसा नुसता पडून असतो, दंड त्याच्यासाठी चिल्लर. संध्याकाळचे दोन तास मात्र त्यालाही तेवढेच महाग.

ईव्ह ऑनलाइन २००३ पासून चालू आहे. तिथे प्रत्येक सूर्यमालेला सुरक्षेचा आकडा असतो आणि ०.५ ते १.० म्हणजे हाय-सेक, सगळ्यात सुरक्षित भाग. या भागात बेकायदा हल्ला केला की कॉन्कॉर्ड, म्हणजे तिथले पोलीस, येतात आणि हल्लेखोराचं जहाज उडवतातच. त्यांना चुकवण्याची पळवाट शोधलीत तर तोच नियमभंग. फक्त त्यांना पोचायला काही सेकंद लागतात, आणि आकडा जितका कमी तितके जास्त. सगळी मेख इथेच.

०.५ची उएदामा ही सूर्यमाला याच कारणाने बदनाम आहे. ऑटोपायलटवर सोडलेलं मालवाहू जहाज गेटच्या, म्हणजे पुढच्या सूर्यमालेत नेणाऱ्या दाराच्या, अलीकडेच उतरतं आणि उरलेलं अंतर रांगत कापतं. तेवढ्यात स्वस्तातल्या कॅटलिस्ट जहाजांची टोळी त्याच्यावर तुटून पडते. कॉन्कॉर्ड येतं, कॅटलिस्ट एकजात जळतात, पण तोवर मालवाहू जहाजाचाही सांगाडा झालेला असतो. मग ज्याने एक गोळीही झाडली नाही असा टोळीतला माणूस येऊन माल उचलतो. त्याच्यावर शिक्का बसतो तो पंधरा मिनिटांचा ‘सस्पेक्ट’, म्हणजे संशयित. जळालेली जहाजं टोळीच्या लेखी धंद्याचा खर्च.

ज्याचं जहाज गेलं त्याला कॉन्कॉर्ड भरपाई देत नाही. त्याला ३० दिवसांचा ‘किल राइट’ मिळतो, म्हणजे बदला घेण्याचा परवाना; तो दुसऱ्यांनाही खुला करता येतो. हल्लेखोराचं सिक्युरिटी स्टेटस, म्हणजे पोलिसांच्या लेखी त्याची पत, उणे ५च्या खाली गेलं की हाय-सेकमध्येही त्याला कुणीही टिपू शकतं. पण टॅग नावाच्या गेममधल्या वस्तू आणि पैसे भरून ते स्टेटस वर आणता येतं! रिकामं जहाज फोडा नाहीतर खच्चून भरलेलं, कॉन्कॉर्डचा हिशोब तोच. शिक्षा अटळ, पण गुन्ह्याच्या मापाची नाही.

एलीट डेंजरसने २०१८ मध्ये गुन्हे-शिक्षेची घडी नव्याने बसवली, आणि मला तीच सगळ्यात पटते. भटकी गोळी कुणाला चाटून गेली तर किरकोळ दंड, हल्ल्याला बाउंटी, म्हणजे डोक्यावर इनाम. खुनाला बाउंटीशिवाय ‘नोटोरायटी’चा, म्हणजे बदनामीचा, एक अंकही चढतो, कमाल १०. तो अंक उतरायला प्रत्यक्ष खेळण्याचे दोन तास लागतात आणि तो शून्यावर येईपर्यंत बाउंटी भरून मोकळं होता येत नाही. दहावर पोचलेल्याने वीस तास तसंच वावरायचं. पैसा इथे कामाचा नाही.

भोकं इथेही आहेत. अनार्की, म्हणजे कायदाच नसलेल्या, सूर्यमालेत गुन्हा नोंदलाच जात नाही. स्टेशनच्या दारात तुम्ही १०० मीटर प्रतिसेकंदाच्या वर असताना कुणी मुद्दाम येऊन तुमच्यावर आदळलं, तर गुन्हेगार तुम्ही. शिवाय नकोच असतील माणसं, तर एकट्याने खेळायचा सोलो मोड आहे. न्यायव्यवस्थेपेक्षा हा दरवाजाच अनेकांना जास्त उपयोगी पडतो, हे कबूल करायला हवं.

स्टार सिटिझन अजून अल्फात, म्हणजे अर्धवट चाचणी अवस्थेत, आहे, त्यामुळे आज वाचलेला नियम उद्या असेलच असं नाही. क्राइमस्टॅटच्या, म्हणजे गुन्हेगारीच्या पातळीच्या, १ ते ५ पायऱ्या आहेत आणि २०२० पासून क्लेशर नावाचा खराखुरा तुरुंग आहे. तिथे खाणीत राबून शिक्षा कमी करता येते किंवा भुयारातून पळता येतं. शिक्षा वेळेतच मोजली जाते, ही जमेची बाजू. काही गुन्ह्यांत तक्रार करायची की नाही हे बळीला ठरवता येतं, म्हणजे चुकून लागलेला धक्का सोडूनही देता येतो. पण तुरुंगच इतका रंगतदार की काहीजण मजा म्हणून आत जातात.

धोक्याशिवाय व्यापारात चव नाही असं वाटत असेल, तर ईव्ह घ्या. फक्त भरलेलं जहाज ऑटोपायलटवर सोडू नका. तुरुंगातून पळण्याचीच हौस असेल आणि बग सोसायची तयारी असेल, तर स्टार सिटिझन. ज्याला आठवड्याला चार-पाच तास मिळतात आणि ते कुणी मातीत घालू नयेत असं वाटतं, त्याने एलीट घ्यावा आणि स्टेशनातून निघताना वेगाच्या काट्यावर नजर ठेवावी.