जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट कमजोर: पंप बदलायचा की सील-किट टाकायचं?

जुना ट्रॅक्टर घेतला, त्याची लिफ्ट (ऑइलच्या प्रेशरवर मागचं औजार उचलणारी यंत्रणा) रोटावेटर, म्हणजे माती भुसभुशीत करणारं जड औजार, नीट उचलत नाही, एक मिस्त्री म्हणतो ऑइलचा पंप बदल, दुसरा म्हणतो सील, म्हणजे ऑइल अडवणाऱ्या रबरी रिंगा टाक. भाऊ, कुणाचंच लगेच ऐकू नका, आधी ऑइलची लेव्हल बघा, गाळणी साफ करा, ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, ते बदलाच.

मग रोटावेटर वर उचलून इंजिन बंद करा, खाली कुणी थांबू नका. हळूहळू खाली बसला तर प्रेशर कुठंतरी लीक होतंय, बहुतेक सिलिंडरच्या पिस्टनची ओ-रिंग (गोल रबरी सील) नाहीतर कंट्रोल व्हॉल्व्ह (ऑइल सोडणारा-अडवणारा भाग). वर टिकतो पण उचलतानाच रडतो, आणि ऑइल गरम झाल्यावर जास्तच, तर संशय पंपावर.

खर्चात सील-किट खूपच स्वस्त, पण मजुरी खरी लागते कारण लिफ्टचं कव्हर खोलावं लागतं, आणि सिलिंडरला आतून ओरखडे असतील तर नवी ओ-रिंग पण लवकरच जाते. बाहेर बसवलेला गिअर पंप असेल तर बदलायला सोपा, महाग मात्र. जुन्या मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरात पंप आतच ऑइलमध्ये, कंट्रोल व्हॉल्व्ह पण त्यातच, म्हणून तिथं कव्हर उघडलंच तर दोन्ही तपासून घ्या, डबल मजुरी कशाला.

थोडक्यात औजार खाली बसत असेल तर सील-किट, टिकतं पण उचलत नाही आणि रोज जड रोटावेटर चालवायचाय तर प्रेशर गेजने मोजून मगच पंप घ्या.