टीपीएम २.० मॉड्यूल: पैसे देण्याआधी बायोस उघडून पाहा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि मोंढ्यातल्या आडतीपासून सीएच्या ऑफिसापर्यंत, 'विंडोज अकरा टाकायचं तर चिप बसवावी लागेल' असा सल्ला सर्रास मिळू लागला. ही चिप म्हणजे मदरबोर्डच्या हेडरवर (पिनांच्या जोडणीवर) बसणारं टीपीएम २.० मॉड्यूल. टीपीएम म्हणजे कुलूपबंद डेटाच्या किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची सोय, आणि विंडोज ११ ची ती अट आहे. छोटीशी पाटी, तिच्यावर बहुधा इन्फिनिऑन किंवा नुवोटॉनची चिप. वस्तू चांगली आहे, पण लातूर-नांदेडच्या बहुतेक गिऱ्हाइकांना तिची गरज नाही.

विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा रायझेन २००० आणि त्यापुढचे बहुतेक प्रोसेसर चालतात. यांच्यात टीपीएम फर्मवेअरमधूनच (मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअरमधून) मिळतं, वेगळी चिप लागत नाही. फक्त जुन्या बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, ते बंद असतं. इंटेलच्या बोर्डावर 'पीटीटी' आणि एएमडीच्या बोर्डावर 'एफटीपीएम' चालू करा, मग रनमध्ये 'टीपीएम डॉट एमएससी' (tpm.msc) उघडून स्पेसिफिकेशन व्हर्जन २.० दिसतं का ते बघा. विंडोज ११ ला सिक्युअर बूटची सोयही लागते (सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी), आणि त्यासाठी डिस्कची मांडणी नव्या जीपीटी पद्धतीची हवी. जुनी एमबीआर पद्धत असेल तर बॅकअप घेऊन विंडोजचंच 'एमबीआर२जीपीटी' (mbr2gpt) चालवा, त्यानंतर बायोसमधलं सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद करा. उलट चौथ्या-सहाव्या पिढीच्या मशीनला मॉड्यूल लावलं तर टीपीएमची अट पुरी होते, प्रोसेसरची होत नाही. पैसे पाण्यात!

मग हे घ्यावं कुणी? रायझेनवर एफटीपीएम चालू केल्यावर मशीन मधूनच क्षणभर अडखळत असेल, तर कारण ओळखीचं आहे. एफटीपीएम बोर्डावरच्या एसपीआय फ्लॅशशी (बायोस साठवणाऱ्या चिपशी) व्यवहार करतं तेव्हा काही बोर्डांवर सगळं थबकतं. एएमडीने हे मार्च २०२२ मध्ये मान्य केलं. आजेसा (AGESA, बायोसमधला एएमडीचा भाग) १.२.०.७ असलेला बायोस हा त्यावरचा उपाय, आणि तो फुकट आहे. तुमच्या बोर्डासाठी तसा बायोस आलाच नसेल तर मात्र मॉड्यूल उपयोगी पडतं.

घेताना नुसत्या पिना मोजून ऑर्डर देऊ नका. १४-१, १२-१, २०-१ असे हेडर असतात (१४-१ म्हणजे चौदा जागा, त्यातली एक पिन गाळलेली), आणि पिना सारख्या असल्या तरी एक मॉड्यूल एलपीसी बसचं, दुसरं एसपीआयचं असू शकतं. बस म्हणजे बोर्डाशी बोलायची वाट. चुकीचं मॉड्यूल बसतं, पण बायोसला दिसत नाही. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये मॉड्यूलचा मॉडेल नंबर दिलेला असतो, तोच मागा. 'सगळ्याला चालतं' म्हणणाऱ्या दुकानदाराकडून परतीची हमी लेखी घ्या.

बसवण्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) सस्पेंड करा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा. विंडोज ११ होममध्येही डिव्हाइस एन्क्रिप्शन गुपचूप चालू असू शकतं, तेही तपासा. वायर काढून पॉवर बटण दाबा, गाळलेल्या पिनेची जागा जुळवून मॉड्यूल सरळ दाबा. मग बायोसमध्ये टीपीएम डिव्हाइस 'डिस्क्रीट' (वेगळी चिप) निवडा. 'टीपीएम डॉट एमएससी'त निर्माता 'आयएफएक्स' (इन्फिनिऑन) किंवा 'एनटीसी' (नुवोटॉन) आला की काम झालं. विंडोज हॅलोचा, म्हणजे लॉगिनचा, पिन मात्र नव्याने घालावा लागतो.

सुरक्षेत हे फर्मवेअरपेक्षा सरसच, असं समजू नका. बिटलॉकरची की साध्या सेटिंगमध्ये मॉड्यूलकडून प्रोसेसरकडे उघडीच जाते. २०२४ मध्ये एका संशोधकाने जुन्या लॅपटॉपवर रास्पबेरी पाय पिको (स्वस्तातलं छोटं सर्किट बोर्ड) लावून ती मिनिटाच्या आत वाचून दाखवली. प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसीतून स्टार्टअप पिन लावला की हा मार्ग बंद होतो. फर्मवेअर टीपीएममध्ये अशी बाहेर उघडी तार नसते, तरी २०२३ मध्ये बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी एएमडीचं एफटीपीएमही व्होल्टेजशी खेळून फोडलंच होतं.

आणखी एक गैरसमज. जीएसटी किंवा ई-निविदेसाठी लागणारा डिजिटल सहीचा यूएसबी टोकन वेगळा, त्याचं काम हे मॉड्यूल करत नाही. व्हायरसही अडवत नाही.

सारखी लाईट जाणाऱ्या गावात मशीन तासन्‌तास विजेविना राहतं आणि बोर्डावरचा, बायोसची सेटिंग जपणारा सीआर२०३२ सेल लवकर उतरतो. सेल संपला की बायोस मूळ सेटिंगवर येतो, जुन्या बोर्डांवर पीटीटी बंद होतं आणि सकाळी स्क्रीनवर बिटलॉकरची रिकव्हरी की मागितली जाते. अशा वेळी की घालण्याआधी सेल बदला आणि पीटीटी पुन्हा चालू करा, बहुतेकदा विंडोज सरळ उघडतं. बायोसने 'टीपीएम क्लिअर करू का' विचारलं, तर की हाती असल्याशिवाय हो म्हणू नका.