सिंहगड उतरल्यावर मांड्या धरल्या, आता बर्फ की गरम शेक?

दर रविवारी सिंहगड करणाऱ्यांचेपण पाय कधीतरी धरतातच, आणि धरतात ते चढण्याने कमी, उतरण्याने जास्त, कारण उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक मारत असतो आणि त्यात त्याचे बारीक तंतू दुखावतात. लॅक्टिक ॲसिड (व्यायाम करताना स्नायूत तयार होणारं आम्ल) साठल्याने पाय दुखतात वगैरे लोक म्हणतात ते विसरा, ते तासा-दोन तासात निघून जातं, दुखणं मात्र २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं.

बर्फाचं म्हणाल तर १० ते १५ डिग्रीच्या पाण्यात १०-१५ मिनिटं बसलं की ठणका खरंच थोडा कमी होतो, उद्या परत मॅच किंवा रेस असेल तर हेच बरं. पण जिममध्ये मसल वाढवायला जाताय आणि रोज वेट्स झाल्यावर लगेच थंड पाण्यात बसताय तर वाढ थोडी मंदावते असं अभ्यासात दिसलंय, म्हणजे घाम गाळून वर नुकसान! शिवाय चाळीतल्या बाथरूममध्ये टब आणायचा कुठून.

गरम पाण्याची पिशवी मला जास्त पटते. आखडलेपणा सुटतो, झोप लागते, खर्च शून्य. फक्त सूज किंवा मुरगळा असेल तर पहिले दोन दिवस शेक नको.

आणि हो, दुखणं भयंकर असेल, लघवी चहासारखी काळपट होत असेल तर दोन्ही सोडा आणि लगेच हॉस्पिटल गाठा.