टू-टू रायफल घेताय? आधी टार्गेटचा कागद मोजा

जुनी बोल्ट अ‍ॅक्शन (दर गोळीला बोल्ट हाताने मागे-पुढे करायचा) टू-टू, म्हणजे .२२ बोअरची रायफल, ८५,००० रुपये. दुर्बिणीचे ६,५०० वेगळे. विकणारा घाटावरचा, परवाना-कागदपत्रं चोख, म्हणूनच विश्वास बसला. २०२४ ला स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून नेमबाजी) ब्राँझ आणलं तेव्हापासून आमच्या लेकीला तोच ध्यास. नवी परदेशी रायफल काय आपल्याला झेपणारी?

विकणाऱ्याने टार्गेटचा फोटो पाठवला. "५० मीटर, पाच गोळ्या, रुपयाखाली झाकतात."

इथेच कळायला हवं होतं! ५० मीटरच्या कागदावर लागोपाठच्या दोन गोल रेघांमध्ये ८ मिमी अंतर असतं आणि टू-टूचं भोक जेमतेम ५.६ मिमीचं, मधल्या पट्ट्यात आरामात मावणारं. फोटोत कडेला पडलेलं एकटं भोक दोन्ही रेघा खाऊन बसलं होतं. म्हणजे टार्गेट निम्म्या मापाचं, २५ मीटरचं. पण मोबाइलवर रेघा कोण मोजतं? तुम्ही मोजा.

विक्रीआधी ४५ दिवसांची नोटीस कायद्यानेच लागते. ती पुढे करून २५,००० आगाऊ घेतले, दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे म्हणाला. नेहमीचंच.

रायफल ताब्यात आली तर नळीत तेल इतकं की आरसा वाटावा. कोरडी चिंधी फिरवली तर तपकिरी निघाली. (चिंधी खिशात घेऊनच जा.) पुढून सळई घालून घालून तोंडाची कड झिजलेली. घाट चढून रेंजवर नेली तर गोळ्या ताटभर पसरल्या, दोन भोकं चक्क लांबट, म्हणजे गोळी आडवी जातेय. आणि हा शहाणा म्हणतो, "तुमच्या खाऱ्या वाऱ्याने गंजली!" आठवड्यात?

ठाण्यात गेलो तर आधी माझाच परवाना तपासला. घरात डबल बार (दुनळी बंदूक) असताना ही कशाला, म्हणे. मग "दिवाणी बाब आहे, वकील बघा." भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे म्हटलं, तर "मग तुम्हीच तपास करा." शस्त्र परवान्याच्या टेबलावर साहेब नाहीत, निवडणुकीच्या कामात. निवडणूक लागली की शेतकऱ्याची केपाची (ठासणीची) बंदूकसुद्धा जमा करून घ्यायला मात्र साहेब बरोबर हजर! तक्रारीची पोचसुद्धा भांडून घ्यावी लागली. तुम्ही पोच घेतल्याशिवाय उठू नका.

स्वस्त रायफल वाईटच असं नाही. नळी धड असली आणि तिला मानवणारं काडतूस सापडलं तर चांगली मारते. पण पाच गोळ्यांचा निवडक कागद म्हणजे लग्नाचा फोटो. विकणाऱ्याला रेंजवर बोलवा, दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप (एकाच नेमावर लागोपाठ) त्यालाच मारायला लावा, अंतर स्वतः मोजा. नाही म्हणाला तर उठा.

तोच फोटो आता ९५,००० ला फिरतोय. डाव्या कोपऱ्यात चहाचा डाग आहे.