मशीन गेलं, झॅबिक्स परत आलं: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या पतसंस्थेचे सर्व्हर, शाखांचे राउटर आणि यूपीएस या सगळ्यांवर झॅबिक्स ६.० हे निगराणीचं सॉफ्टवेअर नजर ठेवतं. मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस. पावसाळ्यात नेमका त्याच मशीनचा मदरबोर्ड गेला. वॉरंटी शिल्लक होती, पण सर्व्हिस सेंटरचा हेका एकच: मशीन डिस्कसकट जमा करा. झॅबिक्सच्या डेटाबेसमध्ये एसएनएमपीच्या कम्युनिटी (राउटरसारख्या उपकरणांची माहिती वाचायचे पासवर्ड) आणि एजंटच्या (मशीनवर बसून झॅबिक्सला माहिती देणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या) गुप्त किल्ल्या उघड्या मजकुरात असतात. अशी डिस्क कोणाच्या हवाली करायची? नाहीच दिली. फोनवर पुष्कळ वाद झाला, तोडगा निघाला नाही. शेवटी स्टोअरमध्ये पडून असलेला डेस्कटॉप काढला, रॅम वाढवली आणि उबंटू लिनक्स २२.०४ टाकलं. नव्या सर्व्हरचे पैसे वाचले आणि तेव्हापासून सगळं त्याच डेस्कटॉपवर चालू आहे.

आमच्या व्हेंडरकडून दोन सल्ले आले. पहिला, जुन्या डिस्कवरचं पोस्टग्रेसचं डेटा फोल्डर उचलून नव्या मशीनवर ठेवा. मी साफ नाही म्हणालो. जुनं मशीन उबंटू १८.०४ चं, तिथे जीलिबसी, म्हणजे लिनक्सची पायाभूत लायब्ररी, २.२७. २०१८ साली आलेल्या २.२८ मध्ये अक्षरांचा क्रमच बदलला. फोल्डर उचललं तर पोस्टग्रेस सुरू होतं, वरवर सगळं ठीक दिसतं, पण मजकुरावरचे इंडेक्स (नोंदी चटकन शोधायच्या सूच्या) जुन्या क्रमाने लावलेले राहतात. मग टेबलात असलेली नोंदसुद्धा शोधून सापडत नाही. पोस्टग्रेसच्याच पीजी-डंपने काढलेला बॅकअप, म्हणजे डंप, उतरवताना इंडेक्स नव्याने बांधले जातात, त्यामुळे तो धोकाच नाही.

दुसरा सल्ला, आता टाकताच आहात तर झॅबिक्स ७.० टाका. यात घाई नको. नव्या आवृत्तीचा झॅबिक्स सर्व्हर सुरू होताच जुना डेटाबेस स्वतः नव्या रचनेत बदलतो आणि मागे यायची वाट नाही. आधी आहे तीच आवृत्ती उभी करायची, चालली की पुढचं बघायचं. आवृत्ती कोणती ते डीबीव्हर्शन नावाच्या एका ओळीच्या टेबलात लिहिलेलं असतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती. डंप कस्टम फॉरमॅटमध्ये, म्हणजे ‘-एफसी’ लावून काढलेला असेल तर तो परत उतरवणारं पीजी-रिस्टोर ‘-एल’ने आत काय काय आहे त्याची यादी देतं. ती यादी साध्या एडिटरमध्ये उघडा आणि हिस्टरी व ट्रेंड्स या जुन्या मोजमापांच्या टेबलांच्या ‘टेबल डेटा’ ओळींपुढे अर्धविराम टाका. ती यादी पीजी-रिस्टोरला परत दिली की तेवढा डेटा वगळून बाकी सगळं उतरतं. आमच्या डेटाबेसचा बहुतेक आकार या टेबलांचाच, त्यामुळे होस्ट (नजरेखालची मशीन), ट्रिगर (इशारा कधी द्यायचा त्याचे नियम), टेम्पलेट, युजर सगळं चहा संपायच्या आत परत आलं. पोस्टग्रेसमधला झॅबिक्स युजर मात्र आधी हाताने बनवावा लागतो, तो डंपमध्ये नसतो. नव्या मशीनला जुनाच आयपी दिला, त्यामुळे एकाही एजंटच्या फाइलला हात लावावा लागला नाही. निगराणी सुरू झाली आणि इतिहास रात्री सावकाश ओतला. आयटमचे (मोजल्या जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीचे) क्रमांक तेच असल्याने जुने आलेख नव्यांना बरोबर जोडले गेले. ट्रेंड्समध्ये दर तासाची किमान, सरासरी आणि कमाल किंमत राहते. मार्चअखेरीला कोअर बँकिंगच्या सर्व्हरवर किती ताण आला होता ते आलेखावर जसंच्या तसं दिसलं, तेव्हा खरंच आनंद झाला. ही एक सोय मी बाकी सगळ्यांच्या वर ठेवतो.

तरी पहिल्या आठवड्यात माझं मत वाईट होतं. एका शाखेची लाइन गेली, पडद्यावर ट्रिगर लाल झाला, फोनवर मेसेज मात्र नाही. ॲक्शन लॉगमध्ये मेसेज पाठवणाऱ्या स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता आणि पुढे ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. डेटाबेसमध्ये स्क्रिप्टचं फक्त नाव असतं. खरी फाइल अलर्टस्क्रिप्ट्स फोल्डरात, आणि व्हेंडरने लावलेला रात्रीचा बॅकअप तिथपर्यंत जातच नव्हता. डिस्क हातची सोडली नव्हती म्हणून यूएसबी केसमध्ये घालून फाइल काढता आली. एवढं नावाजलेलं सॉफ्टवेअर, मग सगळं एकत्र बांधून देणारी एक कमांड का नाही, असं तेव्हा वाटलं.

आता तसं वाटत नाही. डेटाबेस एकीकडे आणि फाइली दुसरीकडे आहेत म्हणूनच मला हवं ते आधी, बाकीचं नंतर असं उतरवता आलं. रात्रीच्या बॅकअपमध्ये आता डंपसोबत इटीसीमधलं झॅबिक्सच्या सेटिंगचं फोल्डर, अलर्टस्क्रिप्ट्स आणि एक्स्टर्नलस्क्रिप्ट्स असतात. त्यांचा आकार नगण्य.

तक्रार एक उरली आहे. रिस्टोरच्या वेळी वगळायच्या टेबलांची नावं हाताने शोधावी लागतात, त्यात एखादी ओळ सुटू शकते. ६.० ला फेब्रुवारी २०२७ पर्यंत आधार आहे, त्याआधी ७.० वर जावं लागेलच. आदल्या रात्रीचा डंप दुसऱ्या एका डेस्कटॉपवर उतरवून अपग्रेड आधी तिथे चालवून बघणार आहे, आणि त्या वेळी त्याला नेटवर्कची वायर लावणार नाही, नाहीतर दोन्ही मशीन एकाच घटनेचे मेसेज पाठवत बसतील.